अंगठाबहाद्दर

गेले पंधरा दिवस आमची कन्या घरात सगळ्यांना अंगठा दाखवत फिरते आहे. तिच्या पिढीत अंगठा वर केला की ‘झकास’ असा अर्थ होतो. आमच्या लहानपणी त्याचा अर्थ ‘काही मिळायचं नाही, चालायला लाग’ असा होता. त्यामुळे पहिले दोन दिवस मी उगाच मनाला लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी नीट पाहिलं तेव्हा कळलं की हा अंगठा माझ्यासाठी नाहीच. ती मिक्सरसमोर उभी राहते, उजव्या हाताची चार बोटं पात्याच्या फिरण्याच्या दिशेनं वळवते आणि मग अंगठा कुणीकडे जातो ते डोळे बारीक करून बघते. हाच प्रयोग नंतर पंख्यावर, वॉशिंग मशीनवर आणि एकदा पिठाच्या गिरणीत नंबर येईपर्यंत पट्ट्याच्या चाकावर. गिरणीवाल्यानं मला विचारलं, ‘‘ताईंना बरं नाही का?’’

बारावीच्या भौतिकशास्त्राचा पहिलाच धडा फिरणाऱ्या वस्तूंचा आहे. वर्षाची सुरुवात अशी गरगरत व्हावी यामागे पुस्तक करणाऱ्यांचा काही हेतू असेलही; आमच्याकडे मात्र त्या धड्यानं तिघांनाही भोवळ आणली आहे. क्लासमध्ये फळ्यावर सूत्रं येतात, ती वहीत उतरतात आणि रात्री ‘बाबा, तू सायन्सला होतास ना?’ या प्रश्नासकट माझ्या ताटात पडतात. होतो. बी.एस्सी. झालो, बँकेची परीक्षा दिली आणि मग जन्मभर जमा-नावे करत राहिलो. टॉर्क मला परीक्षेपुरता येत होता. म्हणजे सकाळी खात्यात रक्कम यावी आणि दुपारी निघून जावी, तसा.

अंगठ्याशी माझा खरा संबंध आला तो नोकरीत. पहिली चार वर्षं तालुक्याच्या गावी होतो. सही न येणारे खातेदार पैसे काढायला यायचे, तेव्हा शाईच्या पॅडवर त्यांचा अंगठा टेकवून मी तो कागदावर उमटवून घ्यायचो. पुरुषाचा डावा, बाईचा उजवा, अशी रीत. कागदावर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नसे, पण अंगठा मात्र ते मोठ्या विश्वासानं पुढे करत. लोक त्यांना अंगठाबहाद्दर म्हणत. आता भौतिकशास्त्र माझ्याकडे अंगठा मागतं आहे, तोही उजवा, आणि कागदावरचं मला वाचता येत नाही. तेव्हा आता तो किताब कुणाचा, हे उघड आहे.

तसं पाहिलं तर टॉर्क हाताला उपजत येतो. रांगणारं पोर दार ढकलतं ते कडेला, बिजागरीपाशी नाही. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. एकदा मुद्दाम बिजागरीपासून चार बोटांवर हात ठेवून दार लावून पाहा. दाराचं वजन त्या क्षणी दुप्पट-चौपट झाल्यासारखं वाटेल. कडीपाशी एका बोटानं लागणारं दार, जर कडी बिजागरीपासून ऐंशी सेंटिमीटरवर असेल, तर दहा सेंटिमीटरवर आठपट जोर मागतं. वस्तू फिरवायची तर जोर किती लावला एवढ्यानं भागत नाही, तो आसापासून किती लांब लावला आणि कोणत्या कोनात लावला हेही मोजायचं. लांबी गुणिले जोर, आणि कोन तिरपा असला तर त्या प्रमाणात कपात. काटकोनात सगळी रक्कम हाती येते. आसाच्या रोखानं लावलेला जोर पूर्ण बुडीत.

आमच्या शाखेत मध्यंतरी अख्ख्या काचेचं दार बसवलं. दिसायला देखणं, पण त्याला चौकट नाही, बिजागरी दिसत नाही आणि दोन्ही बाजूंना सारखेच दांडे. निम्मे खातेदार चुकीच्या बाजूचा दांडा ढकलत. दार हलायचं नाही. मग ते आणखी जोर लावायचे, मग काचेतून आत बघायचे आणि बँक बंद आहे असं समजून परत जायचे. काही दिवसांनी आम्ही बरोबर बाजूला ‘ढकला’ असा कागद चिकटवला. त्या कागदाच्या मागे टॉर्कचं अख्खं सूत्र दडलं आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

हाताला हे उपजत येतं असं मी म्हणालो खरं, पण माझ्या हाताबद्दल एक घटना सांगायलाच हवी, कारण ती घरात सगळ्यांना माहीत आहे आणि मी लपवली तर सौ. वाचकांना पत्रानं कळवील. साताऱ्याला लग्नाला निघालो होतो. शिरवळच्या आसपास टायर बसला. मी आत्मविश्वासानं जॅक काढला, पाना काढला, पहिल्या नटाला लावला आणि हातानं ओढला. नट ढिम्म. मग मी पाना आडवा धरला, त्याच्या दांड्यावर उभा राहिलो आणि माफक उड्या मारल्या. माझं वजन तेव्हा बहात्तर किलो होतं. चार नटांवर मी अशा उड्या मारल्या. रेशमी कुर्ता, कपाळावर अक्षता असा माणूस हमरस्त्याच्या कडेला चाकावर नाचतो आहे हे पाहून पलीकडच्या टपरीवरचा पंक्चर काढणारा पोरगा उठून आला. त्यानं थोडा वेळ शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘काका, तुम्ही उजवीकडनं उभे राहताय. आवळताय तुम्ही ते.’’

पाना नटाच्या उजव्या बाजूला आडवा धरून खाली दाबला की नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो, म्हणजे घट्ट होतो. डाव्या बाजूला धरून दाबला असता तर सुटला असता. छोट्या गाडीच्या चाकाचा नट साधारण शंभर न्यूटन-मीटरला आवळतात. माझे बहात्तर किलो, पाव मीटरचा पाना. हिशेब केला तर मी प्रत्येक नट पावणेदोनशे न्यूटन-मीटरपर्यंत आवळून ठेवला होता, उड्यांचे वेगळे. त्या पोरानं टपरीतून मीटरभर लांबीचा लोखंडी पाईप आणला, पान्याच्या दांड्यावर चढवला, डावीकडे धरला आणि एका हातानं, मान वळवून दुसऱ्याशी बोलत बोलत, नट सैल केला. पाव मीटरच्या पान्यावर शंभर न्यूटन-मीटरसाठी चाळीस किलोंचा जोर लागतो, मीटरभर पाईपवर दहाच किलो पुरतो. माझी करणी धरून त्याला सतरा-अठरा लागले असतील. सातवी-आठवीत आम्हाला टेकू, भार, बल असं तरफेबद्दल शिकवलं होतं. त्या पोरानं ते टपरीत पाईपच्या रूपानं उभं करून ठेवलं होतं.

या फिरवण्याच्या ताकदीला मराठीत काय म्हणावं, याचा मी थोडा शोध घेतला. शास्त्रीय लेखनात ‘परिबल’ असा शब्द आढळतो, आणि फिरायला नकार देण्याच्या वस्तूच्या वृत्तीला ‘निरूढी परिबल’. हा शब्द मी जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं उच्चारला तेव्हा सत्यनारायणाची पूजा सुरू झाल्यासारखे सगळे गप्प झाले. खरं तर आपल्या भाषेत फिरण्याच्या शब्दांची ददात नाही. गरगर, भिरभिर, गिरकी, वळसा, फेर, घेरी. कान पिरगाळतात, पाय मुरगळतो, कपडा पिळतात आणि केलेलं कर्म भोवतं, तेही गोल फिरूनच येतं. माझ्यावर सोपवलं असतं तर मी टॉर्कला सरळ ‘पीळ’ म्हटलं असतं. पान्याचा पीळ किती, मोटारीचा पीळ किती. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका नव्या गाडीचा टॉर्क अडीचशे न्यूटन-मीटर आहे असं लिफ्टमध्ये रोज सांगतात. ‘गाडीला पीळ फार’ असं त्यांना म्हणावं लागलं असतं, तर त्यांनी निदान एक दिवसाआड सांगितलं असतं.

न्यूटन-मीटरवरून आठवलं. कन्येचा एक प्रश्न मला निरुत्तर करून गेला. जोर गुणिले अंतर म्हणजे काम, त्याचं एकक न्यूटन-मीटर, त्याला ज्यूल म्हणतात. मग टॉर्कही जोर गुणिले अंतरच आहे. त्याला ज्यूल का म्हणायचं नाही? उत्तर असं की कामात जोर आणि अंतर एकाच दिशेनं चालतात, टॉर्कमध्ये ती एकमेकांना आडवी असतात. एकाच वाड्यात दोन कुलकर्णी राहावेत, आडनाव तेच, पण गोत्र वेगळं, आणि एकाचं पत्र दुसऱ्याकडे गेलं की भांडण व्हावं, तसं हे आहे. मी हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘‘म्हणजे सगोत्र नाहीत.’’ एवढं समजलं तरी पुष्कळ झालं.

स्वयंपाकघरात मग आम्ही दोघांनी मिळून टॉर्क शोधून काढले. अडकित्त्यात सुपारी बिजागरीजवळ आणि हात लांब, म्हणून कडक सुपारीही फुटते. चिमट्यात उलटं, बोटं मधे आणि पोळी टोकाला, म्हणून तिथे जोर कमी पडतो पण हात भाजत नाही. जात्याचा खुंटा कडेला असतो, मधोमध नसतो. वाण्याच्या तराजूची दांडी मधोमध टांगलेली असते, निदान असायला हवी. ती केसभर एका बाजूला सरकली की ग्राहकाच्या पारड्यात कमी माल टाकूनही काटा सरळ राहतो. काटा मारणं म्हणतात ते हेच, पदार्थविज्ञानाचं उपयोजन. ही सगळी यादी सौ.नं ऐकली आणि लोणच्याच्या बरणीचं न उघडणारं झाकण माझ्यापुढे ठेवलं. ते मी उघडू शकलो नाही. तिनं ओल्या फडक्यानं उघडलं. घर्षणाचा धडा अजून पुढे असावा.

इथपर्यंत हात माझ्या बाजूनं होता. वैताग सुरू झाला तो पुढे, जेव्हा वस्तू नुसती वळायची नव्हती, गरगर फिरत राहायची होती. कन्येनं पलंगाची एक सुटी फळी घेतली, एका टोकाखाली चार पुस्तकं ठेवून उतार केला आणि वर तीन स्पर्धक उभे केले: एक गोटी, कॅरमचा स्ट्रायकर कडेवर उभा करून, आणि आईची काचेची बांगडी. कोण आधी खाली पोहोचेल? मी बँकेतला माणूस, पैज मोजूनमापून लावतो. स्ट्रायकर सगळ्यांत जड, तेव्हा स्ट्रायकर. गोटी पहिली आली, स्ट्रायकर दुसरा, बांगडी रमतगमत शेवटी. मी म्हटलं, हलकी आहे म्हणून मागे पडली. मग तिनं आजीचं पितळी कडं आणलं, चांगलं मनगटभर जड. कडं आणि बांगडी जवळजवळ बरोबरीनं उतरली, गोटीच्या तितकीच मागे. मोठी गोटी, छोटी गोटी, दोघी एकाच वेळी खाली. वजनाचा संबंध नाही, आकारमानाचाही नाही. हात असं काही कधीच सांगत नाही. हाताला विचारलं असतं तर तोही माझ्यासारखा हरला असता.

हे मात्र मला समजलं, कारण यात खातेवाटप आहे. उतारावरून येताना प्रत्येकाच्या हाती ठरावीक ऊर्जा येते. तिचे दोन भाग होतात: एक पुढे सरकण्याच्या खाती, एक स्वतःभोवती फिरण्याच्या खाती. बांगडीचं सगळं वस्तुमान कडेला, केंद्रापासून लांब. तिला फिरवणं खर्चिक. ती मिळकतीतला अर्धा वाटा स्वतःभोवती फिरण्यातच घालवते. भरीव चकती एकतृतीयांश. भरीव गोटीचं बरंचसं वस्तुमान आत केंद्रापाशी, तिचा हा खर्च सातातले दोन. उरलेल्या पाच भागांवर ती पुढे पळते. एखाद्या गोष्टीला सरळ ढकलायचं तर तिचं वजन किती एवढंच बघतात, पण फिरवायचं तर ते वजन कुठे ठेवलं आहे हेही बघावं लागतं. लांब ठेवलेलं वजन फार महाग पडतं. अंतर दुप्पट झालं की निरूढी परिबल चौपट. हे एवढं कळायला मला तीस वर्षं आणि एक कॅरमचा स्ट्रायकर लागला.

त्या रात्री मला आमच्या गावचा बाजार आठवला आणि त्यातला डोंबाऱ्याचा खेळ. दोन बांबूंच्या कैच्यांवर दोर ताणलेला, वर आठ-नऊ वर्षांची पोरगी, खाली ढोलकं, आणि पोरीच्या दोन्ही हातांत आडवी लांबलचक काठी. मला वाटायचं, आधीच बिचारी दोरावर, वर ही काठी कशाला दिली तिला? ती काठीच तिला सांभाळत होती. टोकं लांब असल्यामुळे पोरीचं आणि काठीचं मिळून निरूढी परिबल वाढतं, म्हणून तोल गेला तरी ती सावकाश कलते, आणि त्या सावकाश कलण्यात सावरायला वेळ मिळतो. तिच्या बापानं हे कुठल्या सूत्रात बसवलं असेल असं नाही. त्यानं पोरीच्या जिवावर ते पारखून घेतलेलं असणार, आणि हे आठवल्यावर मला बांगडीच्या शर्यतीतली गंमत थोडा वेळ वाटेनाशी झाली.

फुगडीचं बोलायला हवं. सौ. माहेरी असताना मंगळागौरीत फुगडीसाठी नावाजलेली होती. हे तिनं स्वतः सांगितलेलं आहे. हात तिढा घालून धरायचे, पावलं जवळ जवळ जुळवायची आणि अंग मागे झोकून द्यायचं. दोघींचा आस मधोमध, जुळलेल्या पावलांपाशी. ‘‘वेग वाढवायचा तर काय करायचीस?’’ कन्येनं विचारलं. ‘‘हात आखडून समोरचीला जवळ ओढायची,’’ ती म्हणाली, ‘‘की आपोआप भिरभिरतं.’’ कन्येनं वहीत डोकं घातलं. बाहेरून कुणी पीळ देत नसेल, तर फिरण्याचा एकूण ऐवज, ज्याला कोनीय संवेग म्हणतात, कायम राहतो. वजन आसाजवळ आलं, निरूढी परिबल घटलं, की वेग वाढायलाच हवा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण मला इतकी शास्त्रशुद्ध कधी वाटली नव्हती.

पडताळा पाहायला मी ऑफिसची फिरती खुर्ची घेतली. तिला चाकं असतात, हे या प्रयोगातलं वैगुण्य मागाहून कळलं. दोन्ही हात पसरून मी बसलो, प्रत्येक हातात दोन-दोन किलो साखरेची पुडी, आणि कन्येनं खुर्चीला गिरकी दिली. मग तिनं ‘‘आता!’’ म्हटल्यावर मी पुड्या छातीशी घेतल्या. खोली माझ्याभोवती जे काही फिरली! मधेच जाणवलं की पुड्या आत घेणं सोपं नाही, त्या बाहेर पळू बघतात आणि ओढून घ्यायला दंडाला कष्ट पडतात. वाढलेल्या वेगाची जी जास्तीची ऊर्जा होती, ती माझ्या दंडातून गेलेली होती; फुकट काही मिळालं नव्हतं. हे सगळं सुचायला मला सुमारे दोन सेकंद मिळाले, त्यानंतर खुर्ची शोकेसवर आदळली. एक पुडी फुटली. मुंग्या आठवडाभर पदार्थविज्ञानाचे आभार मानत होत्या.

आणि तरीही हात हरतो तो खरा सायकलच्या चाकापाशी. कन्येची जुनी सायकल माळ्यावर होती, तिचं पुढचं चाक काढून मी आसाच्या दोन टोकांना दोन हातांनी धरलं. तिनं ते जोरात फिरवलं, सायकल पुढे चालताना फिरतं तसं. ‘‘आता डावा हात खाली दाब.’’ मी दाबला. चाक खाली झुकायला हवं होतं. ते झुकलं नाही, डावीकडे वळलं. मी पुन्हा दाबला, चाक पुन्हा आडवं गेलं. माझ्या दोन हातांत एक जिवंत, हट्टी जनावर असल्यासारखं वाटलं. याला खाली म्हटलं की बाजूला, बाजूला म्हटलं की वर. पन्नास वर्षं ज्या हातावर भरवसा ठेवला त्यानं इथे चक्क कानावर हात ठेवले.

इथे अंगठ्याचं काम सुरू होतं. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण फिरणाऱ्या कडेवर काढत नाहीत, कारण कडेवरचा प्रत्येक ठिपका क्षणोक्षणी दिशा बदलतो. तो काढतात आसावर, जिथे काहीच कुठे जात नाही. उजव्या हाताची बोटं फिरण्याबरोबर वळवायची, अंगठा जिकडे तिकडे बाण. मला हे कायम भोंदूपणाचं वाटत आलं होतं. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडताना ते पटलं. बोटं उघडायच्या दिशेनं वळतात, अंगठा वर येतो आणि झाकणही अंगठ्यामागोमाग वरच येतं. आता चाक. माझ्या हातातल्या चाकाचा बाण डावीकडे होता. मी डावा हात खाली आणि उजवा वर करून जो पीळ दिला, त्याचा अंगठा माझ्या छातीकडे येत होता. डावीकडच्या बाणात छातीकडचा थोडासा बाण मिसळला, म्हणून आसाचं डावं टोक माझ्याकडे वळलं. चाक एकदम शहाण्यासारखं वागत होतं. मीच त्याला चुकीच्या भाषेत बोलत होतो.

भोवरा हेच करतो. जाळी गुंडाळून फेकला की आधी आरीवर ताठ उभा राहतो, मग वेग उतरला की कलतो. आणि कलला तरी पडत नाही, डोकं गोल फिरवत डुलतो. त्याचं वजन त्याला खाली पाडायला बघतं, पण फिरण्यामुळे तो पीळ त्याला आडवा नेतो. मोठमोठी माणसं या खेळण्यापुढे वाकलेली आहेत, अगदी शब्दशः. स्वीडनमधल्या लुंड इथे १९५१ साली घेतलेलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: नील्स बोर आणि वोल्फगांग पाउली, दोघेही नोबेल मिळवलेले, सुटाबुटात कंबरेत वाकून जमिनीवर फिरणारा एक छोटा भोवरा बघताहेत. तो फिरता फिरता डोक्यावर उलटणारा भोवरा होता. त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव आहेत ते आमच्या गल्लीतल्या पोरांच्या चेहऱ्यावर रोज असत, फक्त आमच्याकडे छायाचित्रकार नव्हता.

आपण ज्याच्यावर राहतो तो भोवराही डुलतो. पृथ्वी विषुववृत्तापाशी थोडी पोटाळ आहे. तिथला व्यास ध्रुवांकडच्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरनं जास्त. चंद्र आणि सूर्य या पोटाला धरून तिचा कललेला आस सरळ करू बघतात. भोवऱ्याला वजन पाडू बघतं, पृथ्वीला हे दोघे उभं करू बघतात, म्हणून ती भोवऱ्याच्या उलट दिशेनं डोकं फिरवते. एक फेरा सुमारे २६,००० वर्षांचा. इतकी सावकाश की ७२ वर्षांत एक अंश. पण त्या एकेक अंशानं आपल्या सणांत लुडबूड केली आहे. सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो डिसेंबरच्या २१-२२ तारखेला. आपण संक्रांत करतो ती १४ किंवा १५ जानेवारीला, कारण आपण मकर राशीचे तारे धरून बसलो आहोत आणि आस तिथून हलला आहे. सतराशे-एक वर्षांपूर्वी दोन्ही गोष्टी एकाच दिवशी जुळत. तिळगुळाला तीन आठवड्यांहून जास्त उशीर झालेला आहे, आणि तो टॉर्कमुळे झालेला आहे.

गणित शिकवलेल्या लोकमान्य टिळकांनी हाच धागा उलटा पकडला. वेदांतल्या उल्लेखांवरून वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान होताना सूर्य जिथे असतो तो बिंदू, मृग नक्षत्रात होता असं धरलं, तर आस तेव्हापासून किती फिरला ते मोजता येतं, आणि त्यावरून काळ. १८९३ साली ‘ओरायन’ या इंग्रजी ग्रंथात त्यांनी तो काळ इसवी सनापूर्वी ४००० वर्षांच्या आसपास नेला. त्यांचा निष्कर्ष सगळ्यांना मान्य झाला नाही, आणि मलाही त्यातल्या अर्थ लावण्याच्या जागा निसरड्या वाटतात. पण भोवऱ्याच्या डुलण्याचं घड्याळ करून ग्रंथाला लावून पाहावं ही कल्पनाच केवढी! हे डुलणं हिपार्कस नावाच्या ग्रीक ज्योतिषानं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हेरलं होतं. ते का होतं, हे न्यूटननं १६८७ साली सांगितलं. मधे अठराशे वर्षं गेली. हे वाचल्यावर मला पंधरा दिवसांत धडा न समजल्याबद्दल वाटणारी लाज बरीच कमी झाली, आणि कन्येलाही मी तसंच समजावलं. तिनं सांगितलं की चाचणी सोमवारी आहे, अठराशे वर्षांनी नाही.

चाचणी झाली, पेपर हातात आला. एका गणितात तिचा आकडा अगदी बरोबर होता, दिशा मात्र उलटी: आत यायला हवी ती बाहेर गेलेली. सरांनी एक गुण कापला होता. मी म्हटलं, हे कसं झालं, पंधरा दिवस तर तू मिक्सरलासुद्धा अंगठा दाखवत होतीस. तिनं टेबलाशी बसून मला करून दाखवलं. उजव्या हातात पेन. पेपर सोडवताना पेन खाली ठेवायला कुणाला सवड असते? म्हणून मोकळा होता तो हात वर केला, बोटं वळवली, अंगठा ताणला. डावा. अंगठा उलटा गेला.

‘‘आमच्या निम्म्या वर्गानं तेच केलं,’’ ती म्हणाली. ‘‘सर हसत होते.’’

मला माझे तालुक्याचे खातेदार आठवले. डावा अंगठा पुढे करत यायचे, तेव्हा आम्ही बिनबोभाट पैसे देत होतो.

‘‘बरं, एकूण कसा गेला पेपर?’’ मी विचारलं.

तिनं अंगठा दाखवला. तो तिच्या पिढीचा की माझ्या, हे विचारायच्या आधी पेन कोणत्या हातात आहे ते मी पाहून घेतलं.